गाळलेले आणि उरलेले

डिझेलच्या गाडीत टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये इंधन गाळणारा एक डबा बसवलेला असतो. गॅरेजात त्याला नुसते 'डिझेल फिल्टर' म्हणतात. आत घड्या घातलेला खास कागद असतो. टाकीतले डिझेल त्यातून झिरपून पंपाकडे आणि तिथून नोझलकडे जाते. हा कागद काही मायक्रॉन आकारापर्यंतचे कण अडवतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो आणि ४० मायक्रॉनहून बारीक कण उघड्या डोळ्यांना सहसा दिसत नाही. म्हणजे फिल्टरने अडवलेल्या घाणीतला बराच भाग कोणाच्या नजरेस कधी पडलेलाच नसतो. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल १,६०० बार किंवा त्याहूनही अधिक दाबाने फवारले जाते. इतक्या दाबाखाली धुळीचा एवढासा कणही काचपेपरासारखा घासत जातो. पाणी त्याहून वाईट, कारण पंपाच्या सरकत्या भागांना वंगण म्हणून डिझेलचाच पापुद्रा असतो आणि पाण्याने तो तुटतो.

कोल्हापुरात हा डबा दारात, अंगणात किंवा गल्लीच्या कडेला बदलणारे पुष्कळ आहेत. वडापाची, म्हणजे प्रवासी भरून चालणारी भाड्याची गाडी, भाजीचा 'छोटा हत्ती' टेम्पो, दुधाचा टेम्पो यांवर घर चालत असेल तर गाडी अर्धा दिवस गॅरेजात उभी ठेवणे परवडत नाही. शिवाय हे गाव फौंड्रीचे आणि ऑइल इंजिनाचे. शिवाजी उद्यमनगराच्या कारखान्यांत घरातले कोणी ना कोणी काम केलेले असते, त्यामुळे पाना हातात धरण्याचे कौतुक वाटत नाही. काम अर्ध्यापाऊण तासाचे. पण त्याच्या शेवटी तळहाताएवढ्या जागेत एक जुना प्रश्न उभा राहतो: शुद्ध करणे म्हणजे नेमके काय करणे? जे काढून टाकले ते खरोखर गेले, की फक्त जागा बदलून दुसऱ्याकडे गेले? आणि गाळणाऱ्याची जबाबदारी गाळलेल्यापुरती असते, की उरलेल्याचीही?

आधी काम कसे होते ते पाहिले पाहिजे, कारण प्रश्न त्या कामातूनच निघतो. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढायचा, इंजिन गार होऊ द्यायचे, बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवायचे. जवळपास विडी, काडी, शेगडी काही नको. मग फिल्टरचा डबा आणि त्याच्या भोवतालची जागा बाहेरून चिंधीने पुसायची. ही पायरी घाईत वगळली जाते आणि तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे: नळी सोडवताक्षणी बाहेरची माती आत पडली, तर स्वच्छतेच्या कामानेच इंजिनात घाण शिरते. डब्याखाली पसरट भांडे ठेवून तळाचा स्क्रू ढिला केला की आधी साचलेले पाणी येते, मग डिझेल. जुना डबा पट्ट्याच्या पान्याने सुटतो. नव्याच्या रबरी रिंगला बोटाने स्वच्छ डिझेल लावायचे, रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवायचे आणि मग डब्यावर छापले असेल तेवढेच आवळायचे. शेवटी एअर काढायची: हातपंप दाबत राहायचे, नळीतून बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत. बॅटरीचे टोक पुन्हा जोडून इंजिन सुरू केल्यावर गळती पाहायची ती डोळ्यांनी आणि पुठ्ठ्याच्या तुकड्याने. जास्त दाबाच्या नळीजवळ बोट नेऊ नये, कारण तिथून सुटलेली धार कातडीतून आत शिरते.

भांड्यात आलेले ते डिझेल काचेच्या बरणीत ओतून तासभर ठेवले तर त्याचे थर पडतात. वर पिवळसर डिझेल, कारण ते पाण्याहून हलके. तळाशी पाणी, बहुधा गढूळ आणि किंचित तांबूस, कारण टाकीचा गंज त्यात उतरलेला असतो. या दोघांच्या सीमेवर कधी कधी एक काळपट, बुळबुळीत पापुद्रा तरंगतो; बरणी हलवली की तो फाटतो आणि लोंबत खाली जातो. तो निव्वळ मळ नसतो. डिझेल आणि पाणी जिथे एकमेकांना टेकतात त्या सीमेवर जिवाणू आणि बुरशी वाढतात. होर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी यासाठी जगभर ओळखली जाते. ती अन्न घेते डिझेलमधून, ओल घेते पाण्यातून, आणि तिच्यापासून होणाऱ्या आम्लांनी टाकीचा पत्रा खाल्ला जातो. टाकीत पाणी येते कुठून? रिकाम्या टाकीत रात्री हवेतली वाफ निवून तिचे पाणी झाल्याने, ढिल्या झाकणातून, किंवा ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ सारख्या महापुरात गाडी बुडाल्यास थेट नदीतून.

म्हणजे फिल्टरमध्ये फक्त निर्जीव माती अडकत नाही. त्यात जीवही असतात. हे लक्षात आले की एक दुसरी, फार जुनी गाळणी आपोआप डोळ्यांपुढे येते. ती कोल्हापूर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पिढ्यान्पिढ्या वापरात होती आणि काही घरांत आजही आहे.

शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत मराठी बोलणारा जैन शेतकरी समाज मोठा आहे. कुंभोजजवळचा बाहुबलीचा डोंगर, नांदणीचा मठ, खुद्द कोल्हापुरातला लक्ष्मीसेन मठ ही त्याची श्रद्धास्थाने. या परंपरेत पाणी गाळणे ही केवळ आरोग्याची सवय नाही. तेराव्या शतकातले पंडित आशाधर यांनी 'सागारधर्मामृत' या ग्रंथात गृहस्थाच्या मूलगुणांची जी यादी नोंदवली आहे, तिच्यात मद्य, मांस आणि मध यांच्या त्यागाबरोबर जलगालन, म्हणजे पाणी गाळून वापरणे, हेही आहे. गाळणे हा एक व्रताचार आहे आणि त्याला नियम आहेत. कापड सुती, जाड आणि न फाटलेले असावे. परंपरेने सांगितलेले माप ३६ अंगुळे लांब आणि २४ अंगुळे रुंद, तेही दुहेरी करून घ्यायचे. कापड पुरेसे दाट आहे का हे पाहण्याची खूण अशी की त्यातून सूर्याचे बिंब दिसता कामा नये. गाळलेले पाणी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे गाळलेले मानायचे. त्यानंतर पुन्हा गाळायचे.

पण या आचाराचे खरे मर्म पाणी खाली पडल्यानंतर सुरू होते. कापडाच्या वरच्या बाजूला जे राहते त्याला 'जिवाणी' म्हणतात. कापड झटकायचे नाही, पिळायचे नाही. ते अलगद उलटे करायचे आणि त्यावर गाळलेल्याच पाण्याची धार सोडून अडकलेले जीव एका भांड्यात उतरवायचे. ते भांडे परत विहिरीवर न्यायचे, दोरीने पाण्याच्या पातळीपर्यंत सोडायचे आणि तिथे हळूच कलते करायचे. वरून ओतायचे नाही, कारण उंचावरून पडण्याचा आघात त्या जिवांना सोसवत नाही. आणि ज्या विहिरीचे पाणी, त्याच विहिरीत ते परत जायला हवे. गाळून उरलेले दुसऱ्याच पाणवठ्यात टाकणे हा आशाधरांनी व्रतातला दोष म्हणूनच सांगितला आहे. विहिरीतल्या जिवाला नदी मानवेलच असे नाही, हा त्यामागचा विचार. सूक्ष्मदर्शकाचा शोध लागण्याच्या काही शतके आधीची ही काळजी आहे. मराठीत पुढे बॅक्टेरियासाठी 'जिवाणू' हा शब्द रूढ झाला. 'जिवाणी' आणि 'जिवाणू' शेजारी शेजारी ठेवले की या दोन जगांतले अंतर एका मात्रेएवढे उरते.

पाणी गाळून प्यावे हे इतरांनीही सांगितले आहे. मनुस्मृतीत संन्याशाला वस्त्राने गाळलेले पाणी प्यायला सांगितले आहे. आधुनिक विज्ञानानेही कापडाची गाळणी तपासून पाहिली: बांगलादेशातल्या मतलब भागात जुनी सुती साडी अनेक पदरी घडी करून तिच्यातून पाणी गाळल्यावर पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पण या दोन्हींत लक्ष पिणाऱ्यावर आहे. त्याचे शरीर, त्याचे तप, त्याचे आरोग्य. कापडावर काय राहिले, याची विचारपूस तिथे नाही. ती विचारपूस करणे हे जैन आचाराचे वेगळेपण, आणि नीतीच्या विचारात ते फार मोठे आहे. शुद्धीचे मोजमाप तिथे दोन बाजूंनी होते: खाली काय उतरले आणि वर काय राहिले, त्याचे पुढे काय झाले.

याच परंपरेच्या तत्त्वज्ञानात गाळण्याच्या रूपकाला आणखी खोल जागा मिळते. उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'त सात तत्त्वे सांगितली आहेत: जीव, अजीव, आस्रव, बंध, संवर, निर्जरा आणि मोक्ष. कर्म हे तिथे केवळ पाप-पुण्याचे हिशेब नसून सूक्ष्म द्रव्य आहे. ते आत्म्याकडे वाहत येते तो आस्रव. चिकटते तो बंध. चिकटते का, तर राग, लोभ यांसारख्या कषायांमुळे. तेल माखलेल्या अंगावर धूळ बसावी तसे, हा दृष्टांत जैन आचार्यांच्या नेहमीच्या वापरातला. येणारे थोपवणे म्हणजे संवर आणि आधी बसलेले झाडून काढणे म्हणजे निर्जरा. डिझेलचे काम करणाऱ्याला ही भाषा समजावून सांगावी लागत नाही. टाकीचे झाकण घट्ट ठेवणे, भरवशाच्या पंपावर डिझेल भरणे, रात्री टाकी भरलेली ठेवणे हा संवर. साचलेले पाणी स्क्रू ढिला करून काढणे ही निर्जरा. नुसता फिल्टर बदलत राहिले आणि झाकण ढिलेच ठेवले, तर निर्जरा चालू आणि आस्रवही चालू, अशी स्थिती होते. नवा डबाही थोड्याच दिवसांत भरतो.

मात्र दृष्टांत ताणू नये. फिल्टरला आत्म्याची उपमा दिली जाते तेव्हा ती चुकते. आत्मा शुद्ध होतो तेव्हा तो मोकळा होतो; फिल्टर मात्र दुसऱ्याला शुद्ध करता करता स्वतः भरतो आणि शेवटी फेकला जातो. फिल्टरशी जुळते ते व्रत. व्रतही माणूस आणि जग यांच्या मध्ये उभे असते, येणारे अडवते, आणि त्यालाही वेळोवेळी उघडून पाहावे लागते. वर्षानुवर्षे न तपासलेले व्रत बाहेरून शाबूत दिसते आणि आतून तुंबलेले असते. मग माणसाला वाटते जीवनाचा जोर कमी झाला, दोष मात्र गाळणीत असतो. जैन गृहस्थाच्या दिनचर्येत प्रतिक्रमण, म्हणजे झालेल्या चुका आठवून मागे फिरणे, हे नेमाने करायला सांगितले आहे ते यासाठीच.

एक आक्षेप इथे मांडला पाहिजे, कारण तो खरा आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांनी 'योगशास्त्रा'त श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, टाळायचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत. त्यांत अंगारकर्म आहे, म्हणजे भट्टीवरची उपजीविका. शकटकर्म आहे, म्हणजे गाड्यांवरची उपजीविका. आणि भाटककर्मही आहे, म्हणजे भाड्याने ओझी वाहण्याची उपजीविका. या यादीच्या कसोटीला लावले तर कोल्हापूरची निम्मी अर्थव्यवस्था, उद्यमनगराच्या भट्टीपासून वडापाच्या गाडीपर्यंत, आधीच बाद ठरते. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्यात अग्नी आहे, रस्त्यावर चिरडले जाणारे जीव आहेत, धूर आहे. मग फिल्टरमधल्या बुरशीची आणि वाटीभर घाण डिझेलची नैतिक चिकित्सा करण्यात काय अर्थ? मोठी हिंसा स्वीकारून छोटीबद्दल हळहळणे हा भाबडेपणा नाही का?

उत्तर त्याच परंपरेत आहे. साधूचे महाव्रत आणि गृहस्थाचे अणुव्रत यांत तिने फरक केला आहे. गृहस्थ शेती करणार, चूल पेटवणार, गाडी चालवणार हे तिने गृहीत धरले. पाणी गाळण्याचेच पाहावे: जैन मताने पाणी स्वतःच अप्कायिक जिवांचे शरीर आहे, कापडाने ते जीव वाचत नाहीत, वाचतात ते हालचाल करणारे त्रस जीव. म्हणजे गाळण्याचा नियम पहिल्या दिवसापासून अपुरा आहे आणि तो तसा असल्याचे मान्य करूनच सांगितला आहे. सगळे वाचवता येत नाही, म्हणून वाचवता येते तेही सोडून द्यावे, हा निष्कर्ष या परंपरेने कधीच काढला नाही. टाळता न येणारी हिंसा आणि निष्काळजीपणाने होणारी हिंसा यांतली रेषा तिने जपली. गाडी चालवणे पोटासाठी आहे. घाण डिझेल गटारात ओतणे पोटासाठी नाही. दोन मिनिटे वाचवण्यासाठी आहे. आक्षेपाचा सगळा जोर या फरकापुढे ओसरतो.

कोल्हापूर परिसरातल्या इतर धर्मपरंपरांनीही हाताच्या कामाला उपासनेचा मान दिला आहे. बाराव्या शतकात आजच्या कर्नाटकातल्या कल्याणला बसवण्णांनी कायक आणि दासोह ही जोडी सांगितली: प्रामाणिक श्रम, आणि त्या श्रमातून आलेले समाजाला वाटणे. लिंगायत घरांत हा विचार अजून जिवंत आहे. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्यांत विनोबांनी कर्माला विकर्माची, म्हणजे मनाच्या सहभागाची, जोड मागितली आहे. नुसते हाताने केलेले काम कोरडे राहते. आणि खंडेनवमीला तर गावातली प्रत्येक गाडी धुऊन, पुसून, झेंडूच्या माळा घालून पुजली जाते. पाने, हातोड्या, लेथ यांच्यापुढे नारळ फुटतो. ही पूजा मनापासून असते आणि तिची थोरवी कमी करण्याचे कारण नाही. पण माळ बॉनेटवर पडते. बॉनेटच्या खालचा फिल्टर त्याच दिवशी उघडून पाहण्याची प्रथा पडली, तर पूजेचा हात आतपर्यंत पोहोचेल.

आता उरलेल्याकडे. जिवाणी मूळ विहिरीत परत नेता येते. डिझेलचे मूळ कुठे आहे? जमिनीखालच्या ज्या तेलातून ते निघाले तिथे कोणी ते परत नेऊ शकत नाही. म्हणून जुना नियम जसाच्या तसा लागू होत नाही. त्याचा आशय घ्यावा लागतो. आशय असा की उरलेल्या वस्तूसाठी योग्य जागा शोधणे हा गाळण्याच्याच कामाचा भाग आहे. मोठ्या प्रमाणावर हे करता येते, याचे एक चांगले उदाहरण डिझेलमध्येच आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा दर्जाचे इंधन आले आणि डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. तेलशुद्धीकरण कारखान्यात काढलेले हे गंधक फेकले जात नाही. त्याचे आम्ल होते आणि त्यातून खत. शुद्धीने उरलेले पुन्हा शेतात पोचते.

अंगणातल्या कामाला इतकी मोठी यंत्रणा लागत नाही, पण उरलेल्याला योग्य जागा देण्याची गरज तितकीच खरी आहे. कोल्हापुरात गटारात ओतलेले पुष्कळसे जयंती नाल्याला मिळते आणि जयंती नाला पंचगंगेला. प्रयाग चिखलीच्या संगमापासून निघालेली ही नदी शहराला वळसा घालून इचलकरंजीच्या बाजूने शिरोळ तालुक्यात जाते आणि नरसोबाच्या वाडीला दत्तपादुकांजवळ कृष्णेत मिसळते. ज्या गावांत पाणी कापडातून गाळून जिवाणी विहिरीत परत सोडली जात होती, त्यांतली कित्येक गावे या प्रवाहाच्या खालच्या अंगाला आहेत. कोल्हापुरातल्या एका गल्लीत इंजिन स्वच्छ झाले आणि खालच्या गावात नदीच्या पाण्यावर तेलाचा तवंग आला, तर तिथे शुद्धी झाली असे म्हणता येत नाही. घाणीने फक्त गाव बदललेले असते. तेल थोडे असले तरी पाण्यावर फार दूर पसरते, आणि त्या पापुद्र्याखाली हवेची देवघेव मंदावते. जुन्या भाषेत सांगायचे तर, ही जिवाणी दुसऱ्याच पाणवठ्यात उंचावरून ओतलेली असते.

करायचे ते साधे आहे. जुना डबा भांड्यावर रात्रभर उपडा ठेवून निथळू द्यावा. बरणीत वर आलेले डिझेल पुन्हा टाकीत ओतू नये. ते, तळाचे पाणी आणि काळा पापुद्रा हे सगळे झाकणाच्या कॅनमध्ये भरावे. चिंध्या वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात, जाळू नयेत. वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येते. ज्या गॅरेजातून ते परवानाधारक पुनर्वापर केंद्राकडे जाते, तिथे हा कॅन आणि डबा नेऊन द्यावा. उद्यमनगरात नवा फिल्टर घ्यायला जाणाऱ्याने जाताना मागच्या वेळचा कॅन सोबत न्यावा.